नववीतून गेलेली सेंटर फॉरवर्ड

लवकर पिकणारा हलका धान पिवळा पडला की माझ्या टीमला गळती लागते. शाळेच्या खिडकीतून तो कोरडा, गोडसर वास वर्गात यायला लागला की मी समजून जाते, आता एखादी पोट्टी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहणार, पायाच्या अंगठ्याने फरशी उकरणार, आणि मी वर बघेपर्यंत काही बोलणार नाही. यंदा आरती आली. नववी ब, आमची सेंटर फॉरवर्ड, जिच्यावर मी या वर्षीचे सगळे इमले बांधून ठेवले होते.

“मॅडम, मले अकादमीनं बोलावलं.”

“मग? रडून काऊन राह्यली?”

“तुमी रागवान म्हनून.”

“रागावलीच आहे मी. जाय, पेढे घेऊन ये.”

सिंदेवाहीच्या अलीकडे एका गावातल्या शाळेत मी भूगोल शिकवते आणि पोरींची हॉकी घेते. वर्षभर घाम गाळून एक टीम उभी करायची, आणि ऐन स्पर्धांच्या तोंडावर नागपूरची किंवा पुण्याची अकादमी त्यातली सगळ्यात चांगली पोरगी उचलून नेणार, हा आता रिवाजच झाला आहे. दहावीसुद्धा होऊ देत नाहीत मेले. आमचे मुख्याध्यापक मला चिडवतात, “मॅडम, तुमी टीम बनवता का लोकांसाठी लोणचं घालता? मुरलं की बरणी दुसऱ्याच्या घरी!” मी त्यांना म्हणते, लोणचं चांगलं झालं म्हणूनच तर मागतात ना सर. तोंडाने असं म्हणते आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटते. धान पिकला, हे नवऱ्याला त्यावरूनच कळतं.

राग खराच येतो. पण त्या रागाच्या खालून काहीतरी असं उसळत असतं की मला एकटीला स्वयंपाकघरात हसू फुटतं. आरती पेढे घेऊन आली त्या दिवशी तसंच झालं. तिच्या हातातला डबा बघितला आणि मला सगू आठवली. माझ्या नववीतली सगू. मग भूगोलाचा तास गेला वाऱ्यावर, मी पोरींना नकाशे भरायला लावले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तेव्हा आमच्याकडे हॉकी आणली ती शेख सरांनी. सर बल्लारपूरचे. त्यांच्या मोहल्ल्यात पोरगं चालायला लागलं की त्याच्या हातात स्टिक देतात, असं ते सांगायचे. सकाळच्या गोंदिया गाडीने यायचे, डोक्याला मफलर, खांद्यावर स्टिकांची गोणी. शाळेतल्या पोट्ट्यांनी त्यांना सरळ सांगितलं, आमी कबड्डी खेळतो, हे वाकून खेळायचं काम आमच्यानं होत नाई. मग उरलो आम्ही पोरी. सर पहिल्या दिवशी घसा तयार ठेवूनच आले होते. बल्लारपुरात म्हणे पोरांना “कमर झुकाओ” ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसायचा. इथे त्यांनी आमच्या हातात स्टिका दिल्या आणि आम्ही सगळ्याच्या सगळ्या कंबरेत वाकून उभ्या राहिलो. कुणाचं डोकं वर नाही, कुणाची पाठ दुखत नाही. सर बघतच राहिले.

“ये कुठी शिकल्या तुमी?”

“रोवणीत, सर.”

आषाढ-श्रावणात चिखलात वाकून दिवसदिवस धानाचे परे, म्हणजे रोपं, लावणाऱ्या पोरी आम्ही. आम्हाला वाकायला कोण शिकवणार! आणि रोवणी चालते उलट्या पावलांनी. लावलेला परा समोर राहतो, माणूस मागे मागे सरकत जातो. सगूने ही चाल उचलून हॉकीत घातली. बॉल घेऊन पुढे जायची, समोरची पोरगी अंगावर आली की हीच उलट मागे सरकायची, खाली वाकलेली, बॉल स्टिकला चिकटलेला. ती बिचारी हिच्या मागे लागून पुढे पुढे ओढली जायची, आणि मग सगू अशी काही बाजूने निसटायची की बघणाऱ्याच्या तोंडून आपोआप “अवं माय!” निघायचं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिलाही विचारलं तर सांगता यायचं नाही.

शाळेच्या मैदानात मुरूम होता, पडलं की कातडी सोलून निघायची. म्हणून सगूच्या बाबांनी, सुकरूभाऊंनी, आपली गावाजवळची मोठी बांधी आम्हाला दिली. बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. त्यात ते मुद्दाम हलका धान टाकायचे, म्हणजे कापणी लवकर होऊन आम्हाला जागा मोकळी व्हावी. मागाहून सगळे लाखोळीची डाळ पेरतात, ती त्यांनी त्या बांधीत पेरली नाही. त्यावरून त्यांच्या भावाने त्यांना चार लोकांत वेड्यात काढलं. सुकरूभाऊ आपले बिडी पीत बांधावर बसायचे आणि आमचा खेळ बघायचे. नियम एकही कळत नव्हता त्यांना, पण सगूकडे बॉल गेला की बिडी विझायची.

काय सुंदर दिवस होते ते! सकाळी धुकं जमिनीला लागून असायचं, बाजूच्या बांध्यांमध्ये उशिरा पिकणारा भारी धान अजून उभा, त्यावर पोपटांचे थवे उतरायचे. कापलेल्या धानाची धसकटं आम्ही पायांनी तुडवून, धुमसाने ठोकून बसवली होती. खळ्यासारखं शेणाने सारवलंही होतं, निदान माझ्या गोलसमोर तरी. मी गोलकीपर. माझ्या पायाला पॅड म्हणून गोणपाटात भरलेली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मैतरणी मला बुजगावणं म्हणायच्या. सारवलेल्या भागाच्या पलीकडे मात्र बॉल धसकटावर आपटून कुठेही उडायचा, नाकावर यायचा, म्हणून सगळ्या जणी स्टिक जमिनीला घासूनच ठेवायला शिकल्या. आणि बॉल जंगलाच्या बाजूला गेला तर एकटीने आणायला जायचं नाही हा सरांचा हुकूम होता. वाघाचा भाग. मग सगळी टीम मिळून, स्टिका एकमेकींवर आपटत, कोकलत, गाणी म्हणत जायची आणि बॉल घेऊन यायची. माझी खात्री आहे, त्या बाजूचा वाघ आमच्या गाण्यांना कंटाळूनच दुसरीकडे गेला असणार.

नववीच्या वर्षी हलका धान कापून झाला आणि नागपूरहून निरोप आला, अकादमीची निवड चाचणी आहे. सर आम्हा काही जणींना घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही टर्फ पाहिलं. हिरवंगार, एकसारखं, एवढं मोठं की आमच्या कितीतरी बांध्या त्यात मावतील. आम्ही बघत असतानाच चारही बाजूंनी नळ सुरू झाले आणि त्या हिरव्यावर पाणी उडायला लागलं. टर्फ खेळण्याआधी ओलं करतात, हे आम्हाला कुठे माहीत! आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हिरवं आहे, पाणी सोडलं आहे, आता आत उतरायचं आहे. सगूने खाली बसून शांतपणे बूट काढले. तिचं बघून मी काढले. माझं बघून बाकीच्यांनी. बूट रांगेत मांडले, पँट्स गुडघ्यापर्यंत वर गुंडाळल्या आणि आम्ही अनवाणी आत शिरलो.

निवड करायला आलेल्या मॅडम लांबून हात हलवत धावत आल्या. “अरे, शूज क्यों निकाले?”

सगूला खरंच कळेना की यात विचारण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, “ओल्या बांधीत चप्पल घालून कसं जाव, बाई?”

मॅडम एवढ्या हसल्या की खाली बसल्या. शेख सरांनी मफलर तोंडावर ओढून घेतला. बाकीच्या जिल्ह्यांच्या पोरी, चकचकीत बूट घातलेल्या, आमच्याकडे बघून खिदळत होत्या. माझे कान तापले. सगू मात्र ओल्या टर्फवर पायाची बोटं दाबून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा चांगल्या चिखलात पाय रुतल्यावर असतो. “मिने,” ती मला म्हणाली, “इथी बॉल उडणारच नाई वं!” मग बूट घालून खेळली, आणि जी खेळली! आमच्यातून तिची एकटीची निवड झाली.

घरी मात्र अडलं. सुकरूभाऊ म्हणाले, “दहावी तर होऊ दे. मंग पाहू.” गाव त्यांच्याच बाजूने होतं. पोरीची जात, एवढ्या लांब, दहावीच्या आधी? आणि आम्ही टीमच्या पोरीही मनातून त्यांच्याच बाजूने होतो, कारण पुढे जिल्ह्याच्या मॅचेस होत्या आणि सगूशिवाय आमचं काय होणार हे आम्हाला स्वच्छ दिसत होतं. बोलली ती सगूची माय. धान पाखडत होती, सूप थांबवलंसुद्धा नाही तिने.

“परे किती दिवसांत उपटता तुमी?”

“वेळेवर उपटतो,” सुकरूभाऊ म्हणाले.

“काऊन? राहू द्या ना महिना-दोन महिने. चांगले मोठे होऊ द्या.”

जुना झालेला परा रोवला तर नीट फुटत नाही, हे सुकरूभाऊंना बायकोने सांगायची गरज नव्हती. त्यांनी बिडी पेटवली, ती विझली, परत पेटवली. दुसऱ्या दिवशी बाजारातून पत्र्याची पेटी घेऊन आले.

स्टेशनवर आम्ही सगळ्या गेलो होतो, युनिफॉर्ममध्ये, शाळा बुडवून. सगूच्या मायने मुरमुऱ्याचे लाडू दिले होते. गाडीला उशीर झाला, त्यात आम्ही रडता रडता अर्धे लाडू खाऊन टाकले. मी तिच्याशी भांडत होते, “तू गेली तर मी बॉल मारू कोनाले?” ती म्हणत होती, “कोनालेही मार, पन आधी बघून मार.” गाडी आली तेव्हा तिच्या हातात रिकामा डबा होता आणि आमच्या सगळ्यांच्या तोंडाला गूळ.

आरतीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “मॅडम, मी तुमाले लाडू देईन, पन अर्धेच.” हल्लीच्या पोरी हुशार आहेत. यांच्याजवळ फोन असतात, रोज व्हिडीओ येतात, आज हे खाल्लं, आज इतकं पळवलं. तेव्हा सगू गेली म्हणजे गेलीच. बांधीत सकाळी तिची जागा रिकामी दिसायची आणि पास द्यायला वर पाहिलं की समोर नुसते पोपट. तरी आम्ही जिल्ह्याची फायनल जिंकलो. कशी जिंकलो ते विचारू नका. गोल आमच्या फुलबॅकच्या नावावर लागला, पण तो लागला होता समोरच्या पोरीच्या पायाला आपटून. आम्ही नाचलो मात्र असं की जसा ठरवूनच मारला होता. आता विभागाची स्पर्धा, नागपूरला.

भारी धान कापणीला आला होता. गावात नाटकाच्या प्रचाराच्या गाड्या भोंगे लावून फिरत होत्या, कापलेल्या धानाची पुंजणी रचली जात होती, आम्ही सुट्टीच्या दिवशी शेतात सरवा वेचत होतो, पडलेल्या लोंब्या ओढणीच्या ओट्यात गोळा करत. तिथेच शेख सर शेताच्या धुऱ्यावरून चालत आले. तोंड उतरलेलं.

अकादमीत नव्या पोरींना आधी काही आठवडे नुसतं पारखतात, मग ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरतं. सगूला तिथल्या कोचने सांगितलं होतं, तू फार वाकतेस, सरळ राहा, आणि हे मागे मागे जाणं बंद कर, हॉकी पुढे खेळायची असते. सगूने ऐकलं. सरळ झाली. आणि सरळ झाल्यावर तिला बॉलच सापडेना. “बेंचवर बसवून राह्यले तिले,” सर म्हणाले. “विभागाच्या स्पर्धेत शेवटचा चान्स. तिथी काही दिसलं नाई तर पेटी बांधून वापस.”

आमच्या ओट्यांतल्या लोंब्या तशाच राहिल्या. मग एक जण हळूच म्हणाली, “म्हंजे सगू वापस येईल?” आणि खरं सांगते, आम्ही सगळ्या एकदम खुश झालो! सगू परत, बांधी परत, सगळं पहिल्यासारखं. सगूची माय शेजारच्याच बांधीत कापणी करत होती. तिला आमचा आनंद ऐकू गेला असणार. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली. “आली तर मी काई हाकलनार नाई तिले,” ती म्हणाली. “भाकर वाढीन. पन खेळता येत असून हरून आली ना, तर ते मले बघवनार नाई.” आणि परत वाकली कामाला. आम्हीही मान खाली घालून लोंब्या वेचायला लागलो.

सर्वात मोठी गंमत आमच्या ध्यानातच आली नव्हती. सगू आता अकादमीच्या शाळेकडून खेळणार होती, आणि आमचा सामना पडला तो नेमका त्याच शाळेशी. म्हणजे सगू राहणार की घरी येणार, ते ठरणार होतं माझ्या गोलसमोर. मी रडकुंडीला आले. सरांना म्हटलं, “सर, मी का करू?”

सर म्हणाले, “तू अडव. जान लावून अडव. तू गोल सोडला ना, तर तिले समजेल. तुले लहानपणापासून ओळखते ती. अन् तिले समजलं, तर आपल्या हातानं पेटी बांधून वापस येईल.”

तर मी अडवलं. माझ्या पायाला त्या दिवशी उसने आणलेले खरे पॅड होते आणि मी जीव तोडून अडवलं. पूर्वार्धात सगू बेंचवरच होती. उत्तरार्धात तिला उतरवलं तेव्हा मला ती ओळखूच येईना. केस कापलेले, पाठ ताठ, बांबूसारखी सरळ उभी. बॉल आला की नाकासमोर पुढे पळायची आणि आमच्या पोरी तो सहज काढून घ्यायच्या. तिचे जे काही फटके आले ते मी असे अडवले की प्रेक्षकांत टाळ्या पडल्या. पण मला त्या टाळ्या नको होत्या. वेळ सरत आली होती, त्यांचा कोच बाहेरून दुसऱ्या पोरीला तयार करत होता, आणि सगूचं तोंड असं झालं होतं, जसं भर पावसात परे संपून रोवणी अर्धी राहिल्यावर होतं. पुन्हा तिच्याकडे बॉल गेला. पुन्हा ती ताठ. माझं डोकंच फिरलं.

“वाक वं, सगे!” मी गोलमधून किंचाळले. “उभ्यानं रोवणी करून राह्यली काय? वाक!”

पंचांनी माझ्याकडे डोळे वटारले. आमची फुलबॅक मागे वळून ओरडली, “मिने, तू कोनाच्या टीमची हायेस?” तेवढ्यात सगू वाकली. ती जुनी पाठ, ती जुनी कंबर, स्टिक जमिनीला लागलेली. फुलबॅक तिच्या अंगावर धावली आणि सगू मागे सरकायला लागली, मागे, मागे, आणि आमची शहाणी गेली की तिच्यामागे ओढत, बांधीत रोज फसायची तशीच! सगू बाजूने निसटली. आता ती आणि मी. मी पुढे झेपावले, जेवढं अंग होतं तेवढं सगळं घेऊन आडवी पडले, आणि बॉल माझ्या बोटांच्या पलीकडून गेला. मागे फळीवर खाडकन वाजला. कोणीतरी जोरात “गोल!” ओरडलं, आणि ती मीच होते.

मी अजून पोटावर पडलेली, गुडघा फुटलेला, आणि सगू धावत माझ्याजवळ आली. तिच्या पोरी तिकडे हात पसरून उभ्या होत्या, पण ती आधी माझ्याकडे आली.

“लागलं काय वं?”

“नाई.”

“मिने, खरं सांग. सोडला तर नाई ना?”

“सोडला असता तर गुडघा फुटला असता काय, बयताड?”

तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे, बराच वेळ, लहानपणी मी खोटं बोलले की बघायची तसं. आणि मग ती अशी ओरडली, अशी उडाली, की बाकावरचा तिचा कोचसुद्धा उठून उभा राहिला. सवयीने ती आमच्या पोरींकडे पळाली. काही पावलं गेली, आमचा निळा रंग बघून थबकली, आणि तिथेच उभी राहिली, कुठे जावं ते न कळून.

“तिकडे वं!” मी रडत, हसत, तिच्या टीमकडे हात करून ओरडले. “तिकडे पय!”

आणि ती पळाली.